हवेवाचून जगणारे

भाईंदर (पूर्व)

प्रिय पंचशीला,

जयभीम. हे पाकीट हातात पडलं की तू आधी दचकशील. आपल्यात आता पत्र कोण लिहितं? लग्नाच्या पत्रिकासुद्धा मोबाइलवर येतात. पण फोनवर मी दोनदा हा विषय काढला आणि दोन्ही वेळा तू 'अक्का, कुकरची शिट्टी झाली' म्हणून फोन ठेवलास. बरोबर मुद्द्यावर शिट्टी देणारा कुकर फक्त तुझ्याकडेच आहे, बाई. कागदाचं बरं असतं. रागाने बाजूला ठेवला तरी चहा पिऊन पुन्हा उचलता येतो.

विषय साक्षीच्या कामाचा आहे. ती नेमकं काय करते हे मी तुला सगळं सांगणार आहे आणि शेवटी एक गोष्ट विचारणार आहे. तिला तुझं हो किंवा नाही हवंय. तुझ्या शब्दाशिवाय ती पुढे जाणार नाही, मग तिचं आजवरचं काम तिथेच थांबलं तरी चालेल म्हणते. मी म्हटलं, 'मी बोलते ना तुझ्या आईशी.' तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, 'मावशी, तू सांग. पण पटवू नकोस.' उभा जन्म माइकसमोर गेलेल्या बाईला अशी अट! पण मी ती मान्य केलीय. जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहीन. मध्येच आवाज चढला तर समजून घे. लहानपणी मी आपल्या म्हशीपुढेसुद्धा भाषण करायचे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

गावात तू सगळ्यांना सांगतेस, 'पोरगी मुंबईकडं वीज बनवती.' खरं आहे ते. कशापासून बनवते, हे तू विचारलं नाहीस आणि तिनेही सांगितलं नाही. तिची सुरुवात एका बादलीपासून झाली. तीन हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी ती मला बसने पालीला घेऊन गेली. उत्तनच्या बाजूचं कोळीवाड्याचं गाव, अरुंद गल्ल्या, पलीकडे समुद्र. मला वाटलं, पोरगी मावशीला हवा खायला नेतेय. ओहोटी लागली होती. हिने सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, किनाऱ्याच्या काळ्या चिखलात उतरली आणि कोपरापर्यंत हात घालून तळचा चिखल उपसून बादलीत भरायला लागली. वास असा की मी पदर नाकाला लावला. जाळं सांधत बसलेली एक बाई हसून म्हणाली, 'अगो, म्हावरं सोडून चिखल काय नेतेस? डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?' साक्षी म्हणाली, 'ह्या चिखलात दिवा हाय, मावशी.' ती बाई माझ्याकडे वळली आणि कपाळाला बोट लावून खुणेनेच विचारलं, पोरीचं असं कधीपासून? मला तरी कुठे माहीत होतं!

ती बादली आमच्या बाल्कनीत आली. तळाशी चिखलात पुरलेला कार्बनच्या कापडाचा एक तुकडा, घोंगडी कातरून घेतल्यासारखा काळा. तसाच दुसरा वर पाण्यावर तरंगत ठेवलेला. दोघांना जोडणारी तार आणि त्या तारेवर एक लहानशी हिरवी पाटी, तिच्यावर मटाराच्या दाण्याएवढा लाल दिवा. ना बॅटरी, ना प्लग. तुझ्या दाजींनी नाक धरलं. 'साक्षे, आम्ही कर्ज काढून फ्लॅट घेतला तो काय खाडी घरात आणायला?' रोज सकाळी दात घासत ते बादलीपाशी उभे राहायचे आणि तिला विचारायचे, 'काय बाई, ह्या महिन्याचं लाइट बिल तू भरतेस का?' बादली काही बोलायची नाही. साक्षी मीटर लावून आकडे बघायची. म्हणायची, 'वाढतायत, काका. त्यांना घर करायला वेळ लागतो.'

आणि एका संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत बसले होते तेव्हा तो दिवा लागला. एकदा लुकलुकला, विझला, थोड्या वेळाने पुन्हा लुकलुकला. मी जुडी तशीच हातात धरून बसले. पंचशीला, मी खूप वाचलंय, खूप पाहिलंय, स्टेजवरून हजारोंच्या टाळ्या घेतल्यात. पण असला दिवा कधी पाहिला नव्हता. तुझे दाजी आतून ओरडले, 'वैजू, दूध उतू जातंय!' आणि मी हललेच नाही. दूध गेलं.

मग साक्षीने मला समजावलं आणि ते मी तुला जसंच्या तसं सांगते, कारण माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही. आपण भाकरी खातो. त्या भाकरीतून अंगात जी ताकद सुटते, तिचा शेवट श्वासात होतो. आपण हवा आत घेतो आणि भाकरीतून सुटलेले विजेचे कण त्या हवेला देऊन टाकतो. हे देणं थांबलं की आपण संपलो. आता चिखलाच्या तळाशी हवा नसते. तिथे राहणारे जिवाणू सगळ्यांनी टाकलेलं, सडलेलं, नको असलेलं खातात. त्यांनाही ते कण कुणाला तरी द्यायचेच असतात. हवा नाही, मग देणार कुणाला? तर ते दगडाला देतात. मातीतल्या लोखंडाला देतात. त्यासाठी काही जिवाणू स्वतःच्या अंगातून केसाहून कितीतरी बारीक अशा तारा बाहेर काढतात आणि पलीकडच्या दगडाला टेकवतात. म्हणजे ते दगडावर श्वास घेतात, पंचशीला! साक्षीने काय केलं, तर दगडाच्या जागी कार्बनचं कापड ठेवलं. त्यांनी आपला श्वास त्या कापडावर टाकला, तो तारेतून वर आला आणि दिवा लागला. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून हे असंच चाललंय. अंधारात, आपल्या पायाखाली, कुणी न विचारता. मी इतकी वर्षं भाषणात 'तळातला माणूस' म्हणत आले. तळ म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

तरी तेव्हा माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. मनात कुठेतरी होतं की पोरीने चलाखी केली असेल, सेल लपवला असेल. विश्वास बसला तो तुझ्या दाजींमुळे. घरी बुद्धवंदनेला पाहुणे येणार होते. आपल्या घरांत पाहुणे येणार म्हटलं की काय होतं ते तुला सांगायला नको. आई कशी दोनदा सारवायची, भांडी राखेने घासून उन्हात मांडायची, पोरांच्या कानामागे ओला पदर फिरवायची. 'त्यांना बोट ठेवायला जागा मिळता कामा नये,' म्हणायची. तेच आपल्यातही उतरलंय. माझ्या घरात एक वेळ साखर संपेल, फिनेल संपत नाही. तर तुझ्या दाजींनी संडास धुतला, जिना धुतला, बाल्कनी धुतली आणि वास जावा म्हणून उरलेलं अर्धी बाटली फिनेल मोठ्या मायेने बादलीत ओतून काठीने ढवळलं. पाहुणे आले, वंदना झाली, खीर झाली. साक्षी दिवा दाखवायला सगळ्यांना बाल्कनीत घेऊन गेली आणि दिवा बंद. मीटरवरचा आकडा बघताबघता खाली घसरत होता. फिनेलचा वास आल्यावर ती मटकन खालीच बसली. 'काका, मेले ना हो सगळे!' आणि अशी रडली, अशी रडली की पाहुण्यांना वाटलं गावाकडून कसली बातमी आली. तुझे दाजी, जन्मात कुणापुढे न वाकलेले, बादलीपुढे हात जोडून उभे. 'चुकलं बाबांनो. मी आपलं स्वच्छ करायला गेलो.' पाहुणे हसले. मी हसले नाही. बॅटरीचा दिवा फिनेलने विझत नाही. तो विझला म्हणूनच मला पटलं की तो जिवंतांचा होता.

आता इथे जरा थांब. पाणी पी. पुढचं तुला आवडणार नाही.

चिखल ही फक्त सुरुवात होती. साक्षीचं खरं काम सांडपाण्यावर आहे. संडासाच्या टाक्यांमधल्या गाळावर. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर काचेच्या बरण्यांमध्ये तो गाळ असतो आणि प्रत्येक बरणीतून वीज निघते. मैल्यात चिखलापेक्षा खाणं जास्त, म्हणून जिवाणू जास्त आणि वीजही जास्त. शिवाय ते खाताखाता पाणीही साफ करत जातात. ती हे तुझ्यापासून दोन वर्षं लपवतेय. मीसुद्धा तिला सामील आहे. तुझ्या जीवनरावांचा देह घेऊन आपण गावी आलो, त्या दिवशी तू ओसरीवर सगळ्यांसमोर काय म्हणालीस ते आम्हा दोघींच्याही मनावर कोरलेलं आहे. साक्षी तेव्हा तुझ्या कडेवर होती, पण हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली. 'माझ्या घरातलं कुणी पुन्हा गटाराच्या झाकणाला हात लावणार नाही. लावला तर माझं मेलेलं तोंड बघेल.' ठेकेदाराने पैसे देऊन मिटवायला माणूस पाठवला, त्याला तू दारातून हाकललंस. मैला उपसायच्या गाडीवर मदतनिसाची जागा देतो म्हणून दुसरा आला, त्याला चप्पल दाखवलीस. मी तेव्हापासून देशभर बोलत फिरले, पण तुझ्या त्या एका वाक्याइतकं खरं वाक्य मला आजवर जमलेलं नाही.

त्यांच्यावर मी कधी तुझ्याशी बोलले नाही. बोलायला गेले की तुझा चेहरा बंद व्हायचा. आज लिहिते. जीवनराव माझ्या प्रत्येक भाषणाला यायचे आणि हमखास चुकीच्या जागी टाळी वाजवायचे. मी दम घ्यायला थांबले की ह्यांची टाळी! सगळी सभा मग त्यांच्यामागे टाळ्या वाजवायची आणि माझा पुढचा मुद्दा हवेत राहायचा. मी चिडायचे. ते म्हणायचे, 'अक्का, तुम्ही थांबला की मला वाटतं तुम्हाला धाप लागली, म्हणून वेळ काढून देतो.' असा माणूस. कंत्राटी कामावर होते आणि टाकीत उतरू नका असं सांगणारं कुणी नव्हतं. आधी उतरलेला सोबती बोलावल्यावर ओ देईना, म्हणून त्याला काढायला ते आत गेले. विषारी वायू होता. हवा नव्हती. तू, मी, साक्षी, आपण सगळ्या त्या 'हवा नव्हती' ह्या दोन शब्दांच्या अलीकडे राहिलो. कधी पलीकडे गेलो नाही.

साक्षी मात्र पुढे पलीकडे गेली. हे मला उशिरा कळलं. एकदा मी तिला रागाने विचारलंच, 'एवढं शिकवलं ते ह्या घाणीत परत जायला? दुसरा विषय नव्हता?' ती बरणी पुसत होती. म्हणाली, 'मावशी, बाबांना जिथे श्वास घेता आला नाही, तिथे कोण श्वास घेतं ते मला बघायचं होतं.' मी नंतर काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. ती हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

बुद्धपौर्णिमेला काशीगावच्या विहारात माझं भाषण होतं. मी ठरवलं, ह्या वेळी साक्षीची बरणी सोबत न्यायची. समितीचा अमोल दारातच आडवा आला. चांगला पोरगा आहे, बँकेत आहे. 'ताई, बाकी सगळं ठीक, पण विहारात संडासाचं पाणी? लोकं काय बोलतील? बाहेर गेटपाशी ठेवूया ना, प्लीज.' माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'अमोल, विटाळ हा शब्द तू तोंडाने नाही उच्चारलास, पण दारात उभा केलास. आपल्याला ज्यांनी गेटपाशी ठेवलं ते हेच बोलायचे, एवढ्याच गोड आवाजात.' बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि त्याने स्वतः बरणी उचलून आत नेली. मेणबत्त्यांच्या ओळीशेजारी तो लाल ठिपका लुकलुकत होता. म्हाताऱ्या बाया वाकून वाकून बघत होत्या. 'हे खरंच आपल्या त्याच्यातनं निघतं का गं?' एक म्हणाली. दुसरी म्हणाली, 'मग आजवर फुकटच घालवलं की!'

आणि मग मी बोलायला उभी राहिले आणि वाहवत गेले. म्हटलं, उद्या ह्याच मैल्यावर मीरा-भाईंदरचा प्रत्येक दिवा जळेल, कोळशाच्या खाणी बंद पडतील, धरणं कोरडी पडली तरी आपली घरं उजळतील! टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागून तुझी लेक उभी राहिली. भर सभेत. 'सॉरी मावशी, असं काही होणार नाही. ह्या बरणीवर पंखासुद्धा फिरत नाही. मोबाइल चार्ज करायचा तर अशा खूप बरण्या लागतील. पुढे वाढेल, जगभर लोक खटपट करतायत, पण आज एवढंच आहे.' माझी एवढी शोभा कुणी केली नव्हती. पण पंचशीला, ती पुढे जे बोलली ते ऐक. म्हणाली, 'एवढीशी वीज कशाला पुरते ते सांगते. टाकीतला विषारी वायू ओळखणारं एक छोटं यंत्र असतं. त्याला फार वीज लागत नाही. त्याची बॅटरी संपते आणि बदलायला कुणी लक्षात ठेवत नाही, म्हणून ती यंत्रं भिंतीवर मरून पडतात. माझ्या यंत्राला टाकीतलेच जिवाणू वीज देतील. टाकीत मैला आहे तोवर ते जेवतील, आणि ते जेवतात तोवर झाकणावरचा दिवा सांगत राहील की आत हवा नाही, माणूस उतरवू नका.' मेणबत्तीच्या उजेडात मला तिच्या चेहऱ्यावर जीवनराव दिसले. टाळी कुणीच वाजवली नाही. वाजवायची जागा ती खरं तर होती.

यंत्र तयार आहे. ते प्रयोगशाळेत चालतं, पण खऱ्या टाकीवर पावसाळाभर चालून दाखवल्याशिवाय कुणी मान्य करणार नाही. मी आणि साक्षी सोसायट्यांचे जिने चढलो. सगळीकडे तेच. 'मॅडम, आयडिया बहुत अच्छा है, लेकिन हमारे यहाँ नहीं.' आपल्या टाकीत माणूस मरू शकतो, हे झाकणावर दिवा लावून कबूल करायला कुणी तयार नव्हतं. मग विहारातल्या त्या सभेनंतर आठवड्याने एक बाई मला शोधत घरी आल्या. सुचेताताई. गिरगावातून फार वर्षांपूर्वी इकडे राहायला आलेल्या, ऑफिसातून निवृत्त झालेल्या, आता त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. सभेत शेवटच्या रांगेत बसल्या होत्या म्हणे. चहा घेईनात. म्हणाल्या, 'आमच्या टाकीवर लावा. कमिटीचा ठराव मी करून घेतलाय. भांडले मी त्यासाठी.' मी विचारलं, एवढं का? त्यांनी साडीचा काठ चाळवला. मग म्हणाल्या, 'त्या दिवशी मी वरून, गॅलरीतून बघत होते. दोघं आत गेलेले. मी खाली पळत आले, पण मला काय करायचं ते कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं.'

पंचशीला, सोसायटीचं नाव मी लिहीत नाही. तू ओळखलं असशील. तीच टाकी आहे. मी साक्षीला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, 'आईला विचार.' एवढंच. कुणीही आत उतरणार नाही, हा तिचा पहिला नियम आहे. कापडं दोराने वरून सोडायची, तोंडावर मुखवटा, शेजारी अग्निशमनवाले उभे. हे सगळं मी लेखी घेतलंय. पण झाकण उघडावं लागेल आणि त्याला तुझ्या लेकीचा हात लागेल. तू नाही म्हणालीस तर ती दुसरी टाकी शोधेल, नाहीतर यंत्र गुंडाळून ठेवेल, आणि तिच्या किंवा माझ्या तोंडून तुला एका शब्दाचा दोष यायचा नाही. मी तुला पटवत नाहीये, शप्पथ घेऊन सांगते. फक्त उत्तर मला देऊ नकोस, तिला दे. ती हल्ली जेवताना फोन ताटाशेजारी उलटा ठेवते आणि मध्येच सुलटा करून बघते. ती टाकी कायद्याने कुणाचीही असो, सोसायटीचा ठराव असो, माझी शंभर भाषणं असोत, तुझ्याआधी तिथे कुणाचाच हक्क नाही. म्हणून विचारतेय.

तुझीच,
अक्का